हुंडी, नोट आणि खातरजमा

(१) पैशाचा कागद खरा कशावरून मानावयाचा, हा प्रश्न जुनीं दफ्तरें चाळणारांस नवा नाहीं. पत्राच्या शेवटीं उमटविलेला 'लेखनसीमा' हा शिक्का, मजकूर येथें संपला, पुढें कोणी भर घालूं नये, एवढ्याचसाठीं असे. हुंडींत रकमेचा आंकडा अक्षरीं लिहून शिवाय तिची निमे किती व त्या निमेची दुप्पट किती याचा खुलासा करीत. म्हणजे आंकड्यापुढें एक शून्य वाढविणारास तेवढ्यानें भागत नसे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, व पेठहि गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याची चाल होती. या सर्व योजनांत कागद मात्र साधाच असे. खातरी होती ती अक्षराची व पेढीच्या ओळखीची. पुढें सरकारी नोट आली व अलीकडे परदेशांत पॉलिमरची नोट आली; तेव्हां खातरीचा हा भार माणसाच्या ओळखीवरून हळूहळू वस्तूवर आला. हा क्रम लक्षांत घेतल्यास, आपल्या संग्रहांतील एका दुर्लक्षित प्रकारच्या कागदाचें मोल कळून येतें.

(२) बँक ऑफ बाँबेची स्थापना १८४० सालीं झाली. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाऊन हॉलचें, तसेंच एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या पुतळ्यांचें चित्र असे. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचें चित्र होतें. त्या एकाच बाजूस छापलेल्या असून इंग्लंडांत हातसाच्यावर केलेल्या कागदाच्या होत्या. उजेडाकडे धरल्यावर दिसणारें जलचिन्ह, छापील सही आणि प्रत्येक नोटेची नोंद, हीं त्यांच्या खरेपणाचीं साधनें. तरीहि बनावट नोटा इतक्या निघाल्या कीं, १८६७ सालीं ही माला काढून घेऊन रंगीत तळछपाईची नवी माला सुरू करावी लागली. हिच्या हिरव्या प्रकारांत चार भाषांचे रकाने होते. पुढील तांबड्या प्रकारांत ते आठ झाले. हीं नोट ज्या चलनमंडलाची असेल तेथेंच हक्कानें वटे. हें बंधन लहान रकमांच्या नोटांपुरतें १९०३ ते १९११ या काळांत क्रमाक्रमानें निघालें.

(३) या नोटा लोकांनीं वापरल्या कशा, हें पाहणें अधिक उद्बोधक आहे. दूर गांवीं रक्कम पाठवावयाची तर नोट मधोमध कापून एक निमी टपालानें रवाना करीत, व ती पोंचल्याचें उत्तर आल्यावर दुसरी पाठवीत. नोटेचा क्रमांक दोन्ही भागांवर असल्यामुळें जोडी ताडून पाहतां येई. वाटेंत एक निमी चोरीस गेली तरी चोराच्या हातीं पुरती नोट लागत नसे. म्हणजे सरकारनें कागदांत घातलेल्या खातरीवर व्यापाऱ्यांनीं आपली जुनी, पत्रोपत्रीं पटविण्याची खातरी आणखी चढविली. पेठ-परपेठेच्या मागें जें धोरण, तेंच येथें कात्रीनें साधलें.

(४) नोटा छापण्याचें काम १९२८ पासून नाशिक येथें होऊं लागलें व १९३२ पर्यंत सर्व रकमांच्या नोटा तेथें निघूं लागल्या. जलचिन्ह बदललें, चित्र अधिक गुंतागुंतीचें झालें व छपाई बहुरंगी झाली. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट १९३८ सालची. दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांकडून उत्तम प्रतीच्या बनावट नोटांचा प्रयत्न झाला. तेव्हां जलचिन्हांतील राजाचा एकबाजूचा चेहरा समोरासमोर करण्यांत आला, आणि कागदांत सुरक्षेचा धागा आपल्या देशांत प्रथमच घालण्यांत आला. बनावटीचा प्रत्येक घाव नोटेच्या अंगावर असा एकेक खूण ठेवून गेला आहे.

(५) पॉलिमरची नोटहि बनावटीच्याच भयानें जन्मास आली. ऑस्ट्रेलियांत १९६६ सालीं दशमान चलन सुरू होतांच दहा डॉलरांच्या खोट्या नोटा निघाल्या. तेथील रिझर्व्ह बँकेनें शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें १९८८ सालीं दहा डॉलरांची पॉलिमरची नोट काढली, व १९९६ पर्यंत सर्व नोटा तशाच केल्या. तिचें द्रव्य पॉलिप्रॉपिलीनची पातळ पत्री होय. पत्रीवर पांढरा लेप देऊन छपाई करतात व एक भाग लेपावांचून मोकळा, पारदर्शक ठेवतात. नकलयंत्रास हा मोकळा भाग उतरवितां येत नाहीं. ही नोट ओलावा व मळ शोषीत नाहीं, सहज फाटत नाहीं, व कागदी नोटेहून पुष्कळ अधिक टिकते. मात्र फार उष्णतेनें ती आकसते व घर्षणानें तिची शाई झिजते. आपल्या देशांत १० रुपयांच्या १०० कोटी पॉलिमर नोटांचा प्रयोग कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर येथें करण्याचा बेत २०१४ सालीं संसदेंत सांगण्यांत आला होता.

(६) परंतु टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो. एक वापराचा व दुसरा स्मरणाचा. दफ्तरांतील कागद जपून ठेवण्यासाठीं लिहिला, म्हणून तो राहिला. नोट जीर्ण होतांच परत घेऊन नष्ट करण्याची रीत आहे. ऑस्ट्रेलियांत तर जीर्ण पॉलिमर नोटांचे दाणे करून त्यांचा अन्य वस्तूंकडे उपयोग करतात. म्हणून बळकट नोट इतिहासासहि अधिक उरेल असें मानण्यास आधार नाहीं. शिवाय तिच्या खातरीस कोणाच्या पत्राची गरज नसल्यामुळें, ती उरली तरी कोणी कोणास कशासाठीं दिली हें सांगणार नाहीं. कापलेली निमी तें सांगूं शकते. पण ज्या पत्राबरोबर ती आली तें पत्र जवळ असेल तरच.

(७) यास्तव संग्राहकांस विनंति अशी कीं, एखाद्या घराण्याच्या रुमालांत नोटेची निमी आढळल्यास ती फाटका तुकडा समजून टाकूं नये, व दोन्ही निम्या मिळाल्या तरी त्या डिंकानें किंवा चिकटपट्टीनें जोडूं नयेत. कापलेली कडा हाच तिचा पुरावा. क्रमांक, तारीख, सही व चलनमंडलाचें नांव टिपून घ्यावें आणि निमी ज्या पत्रांत सांपडली त्या पत्रासहच ठेवावी. नोटा एका वहींत व पत्रें दुसऱ्या रुमालांत अशी वांटणी केल्यास दोन्ही मुकीं होतात.