पुस्तकाचं साल

नातवाने सी भाषा शिकायला घेतली आणि माळ्यावरून बापाचं जुनं पुस्तक काढलं. कर्निहॅन आणि रिची यांचं, १९८८ची दुसरी आवृत्ती. "आजोबा, एवढं जुनं चालेल?" आता मी पडलो इतिहासाचा मास्तर! मला काय कळणार? पण आमच्या विषयात आधी साल बघतात, म्हणून थोडी शोधाशोध केली.

पुस्तक पहिल्यांदा आलं १९७८ साली. सी भाषा घडवली ती रिचीनेच, म्हणजे हे अस्सल साधन, बखर नव्हे. पण त्याच १९८८च्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने हजारो कम्प्युटर जाम केले. त्याच्या शिरकावाची एक वाट होती 'गेट्स' नावाचं फंक्शन (बिल गेट्सशी संबंध नाही बरं का!). 'फिंगर' नावाच्या सेवेत ५१२ अक्षरांपुरती जागा राखलेली. गेट्स बिचारं मोजायचंच नाही, येईल ते घेत राहायचं. जादाचं शेजारच्या जागेत सांडलं आणि आत घुसणाऱ्याचा हुकूम चालू लागला. या पुस्तकात ते फंक्शन दिलेलं आहे. सीच्या प्रमाणातून ते गेलं थेट २०११ साली!

डेटाबेसचं तसं नाही. कॉडने १९७० साली मांडलेली तक्त्यांची कल्पना आजही वापरात आहे, तिथे जुनं पुस्तक खुशाल घ्यावं. सुरक्षिततेचं मात्र ताजंच हवं.

नातवाला पुस्तक दिलं. गेट्सच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, "२०११ साली बाद."