उभे, आडवे आणि मार्गारेटबाई

शब्दकोड्याचा जनक कोण, असं विचारलं की जाणकार चटकन आर्थर विन यांचं नाव घेतात. बरोबरच आहे. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीत पहिलं कोडं त्यांनीच छापलं. पण जन्म देणं वेगळं आणि त्या पोराला वळण लावणं वेगळं. हे दुसरं काम, रिवाजाप्रमाणे, एका बाईच्या वाट्याला आलं.

मार्गारेट पीथरब्रिज. कॉलेजची पदवी घेऊन, पत्रकार व्हायचं मनात धरून त्या ‘वर्ल्ड’मध्ये सेक्रेटरी म्हणून चिकटल्या. आता कचेरीत नवा माणूस आला की जुनी मंडळी टेबलावरचं नकोसं काम हळूच कुणीकडे सरकवतात, हे बँकेतल्या कारकुनाला कुणी सांगायला नको. आमच्याकडे सस्पेन्स खातं सरकवतात, तिथे शब्दकोडं सरकवलं.

बाईंनी स्वतः कधी कोडं सोडवलं नव्हतं. दिसायला नीटनेटकं असेल ते छापायला धाडायच्या. मग चुकांचा सुकाळ! फ्रँकलिन अ‍ॅडम्स नावाचे स्तंभलेखक त्या चुका बाईंपुढे येऊन मोजून दाखवीत. अखेर बाईंनी एक कोडं सोडवायला घेतलं आणि हे आपण लोकांच्या माथी मारतो, याची त्यांना लाज वाटली. डावा हात शब्दकोशावर, उजवा वर, अशी त्यांनी रीतसर शपथ घेतली म्हणे. (आमच्याकडे खातं जुळलं नाही तर शपथा नाही, शिव्या निघतात.)

मग शिस्त आली. छापण्याआधी कोडं स्वतः सोडवून बघायचं. दोन अक्षरी शब्द बंद. काळी घरं एक षष्ठांशाहून जास्त नकोत. जाळं उलटं धरलं तरी तसंच दिसलं पाहिजे. आज कुठलंही इंग्रजी कोडं उघडा, पुष्कळदा बाईंचंच वळण दिसेल.

1924 साली सायमन आणि शुस्टर यांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं. त्यावर दोन पुरुष सहकाऱ्यांबरोबर बाईंचंही नाव होतं, प्रकाशकांचं मात्र नव्हतं! हसं होईल या भीतीने त्यांनी भलत्याच नावाने ते छापलं, वर पेन्सिल जोडून दिली. प्रती लाखांनी खपल्या. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नादाला वेळेची पापी उधळपट्टी ठरवलं.

हेच ‘टाइम्स’ 15 फेब्रुवारी 1942 रोजी, युद्धाच्या धामधुमीत, कोडं छापू लागलं. संपादक कोण? मार्गारेटबाईच, लग्नानंतरच्या मिसेस फॅरर. सत्तरी उलटल्यावर, 1969 साली त्या निवृत्त झाल्या. तोवर या खुर्चीला मान आला होता. त्यानंतर 1969, 1977 आणि 1993 साली तिच्यावर जे बसले, ते तिन्ही पुरुष.