कांबळ्याखालचा गंज

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाड्याच्या परिसरातील शिक्षकांनी मुलांना साखर कारखाना दाखवला असेल, तर एक गोष्ट सर्वांच्याच ध्यानात आली असेल. नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना घ्या, नाहीतर दुसरा कोणताही. बॉयलरमधून निघालेल्या वाफेच्या नळ्या उघड्या नसतात. त्यांच्याभोवती खनिज लोकरीचे जाड आवरण असते आणि त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. वाफेची उष्णता वाया जाऊ नये आणि कामगाराचा हात भाजू नये, म्हणून नळीला पांघरलेले हे कांबळेच.

पण या कांबळ्याला एक खोड आहे. पत्र्याच्या सांध्यातून पावसाचे पाणी आत शिरले की लोकर ते धरून ठेवते. ओली लोकर, लोखंड आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की नळी बाहेरून गंजू लागते आणि बाहेरून पाहणाऱ्याला मात्र चकचकीत पत्राच दिसतो. कोमट नळीवर हा गंज अधिक वेगाने वाढतो. फार तापलेल्या नळीवर पाणी टिकत नाही, पण यंत्रे थांबून नळी थंड झाली की तीही सापडते. शिवाय काही ठिकाणी, विशेषतः वळणांवर, वेगाने वाहणारे पाणी व वाफ नळीला आतूनही झिजवतात.

साखर कारखान्याला एक सोय आहे. गळीत हंगाम संपला की तो थांबतो आणि आवरण सोडून नळ्या तपासता येतात. तेलशुद्धीकरण कारखान्याला किंवा वीजकेंद्राला ही सोय नाही. ते दीर्घकाळ अखंड चालतात. तेथील कैक किलोमीटर लांबीच्या नळ्यांचे आवरण उतरवून पुन्हा चढवायचे, तर खर्च आणि वेळ दोन्ही परवडत नाहीत. तेव्हा कांबळे न काढता, वाफ न थांबवता नळीची भिंत किती उरली आहे हे पाहायचे कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुरू होतो आणि आपल्याकडे तो मुंबईजवळच्या ट्रॉम्बेला येऊन पोहोचतो.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. १९०० मध्ये पॅरिसच्या पॉल व्हिलार यांना रेडियमपासून निघणारे अधिक भेदक किरण आढळले. तेच पुढे गॅमा किरण म्हणून ओळखले गेले. क्ष-किरणांसाठी वीज आणि बोजड यंत्र लागे. रेडियमची चिमूटभर मात्रा मात्र कोठेही नेता येई. १९३० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रॉबर्ट मेल यांनी रेडियमच्या गॅमा किरणांनी जहाजांचे जाड पोलादी ओतीव भाग तपासले. त्यांतील पोकळ्या व भेगा फिल्मवर उमटल्या. पद्धत सिद्ध झाली, पण रेडियम अतिशय महाग होते आणि एका छायाचित्रासाठी तासन्‌तास थांबावे लागे. कारखान्याच्या रोजच्या कामाला ते परवडणारे नव्हते.

मार्ग मोकळा केला अणुभट्टीने. नैसर्गिक इरिडियममध्ये १९१ आणि १९३ वस्तुमानांकाचे दोन समस्थानिक असतात. भट्टीतील न्यूट्रॉन १९१ ने गिळला की इरिडियम-१९२ तयार होते. ते गॅमा किरण देते आणि फार घन असल्यामुळे काही मिलिमीटरच्या गोळीत पुष्कळ किरणोत्सार मावतो. उगम जितका लहान, तितकी छाया रेखीव, हे दिव्यासमोर हात धरून कोणालाही पडताळता येईल. १९४६ पासून अमेरिकेतील ओक रिज येथून भट्टीत केलेले समस्थानिक बाहेर पाठवले जाऊ लागले आणि पुढे इरिडियमने कारखान्यांतून रेडियमला मागे सारले.

परंतु इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य अवघे ७४ दिवसांचे आहे. आज विकत घेतलेली गोळी अडीच महिन्यांनी निम्मी होते, पाच महिन्यांनी पाव. वर्षअखेरीस सुमारे तिसावा हिस्सा उरतो. ही वस्तू गोदामात साठवून ठेवता येत नाही. परदेशातून मागवली तर वाटेत आणि परवान्यांच्या कागदपत्रांत गेलेला प्रत्येक आठवडा तिची शक्ती खातो. म्हणजे ज्या देशाला आपल्या नळ्या नियमित तपासायच्या आहेत, त्याला जवळपास अणुभट्टी हवी.

ट्रॉम्बेच्या कथेला या दृष्टीने निराळा अर्थ येतो. त्या परिसरात १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. जवळच डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली अणुशक्ती संस्था उभी राहत होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भट्टी कार्यान्वित झाली. १९६० मध्ये ४० मेगावॉटची सायरस आली. तिच्यातील न्यूट्रॉनांचा प्रवाह समस्थानिकांच्या मोठ्या उत्पादनाला पुरेसा होता. १९८५ मध्ये तिच्या जोडीला ध्रुव भट्टी आली. १९८९ मध्ये या कामासाठी विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, ही स्वतंत्र संस्था झाली आणि तिने ‘रोली’ नावाचा गॅमा कॅमेराही देशात तयार केला. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. अणुभट्टी म्हटले की आपल्याला वीज आणि बाँब आठवतात. तिने घडवलेली ही इवलीशी गोळी सहसा आठवत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी पाहू. आवरणाच्या एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवतात. लोकर हलकी असल्याने किरण तिच्यातून जवळजवळ बिनअडथळा जातात. नळीच्या कडेला स्पर्शिकेसारख्या जाणाऱ्या किरणांमुळे भिंतीची जाडी फिल्मवर फिक्या पट्टीसारखी उमटते. पट्टी जेथे कुरतडलेली, तेथे नळी झिजलेली. गंमत अशी, की जे कांबळे गंज झाकते, तेच तापलेल्या नळीच्या धगीपासून फिल्मला वाचवते.

नववी-दहावीच्या वर्गात याचे गणित करता येईल. नळीचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर आणि भिंत ५ मिलिमीटर धरा. आतल्या वर्तुळाला स्पर्श करून जाणाऱ्या किरणाला पोलादातून किती अंतर कापावे लागते? ही बाहेरच्या वर्तुळाची जीवा आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने, ५० च्या वर्गातून ४५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ दुप्पट केले, की सुमारे ४४ मिलिमीटर येतात. भिंत पाचच मिलिमीटरची, पण वाट जवळजवळ नऊपट! इरिडियमचे किरण सुमारे १३ मिलिमीटर पोलादात निम्मे होतात. म्हणजे येथे साधारण दहावा हिस्सा पलीकडे पोहोचतो. आता व्यास २०० आणि भिंत १० मिलिमीटर घ्या. वाट ८७ मिलिमीटर होते आणि शंभरावा हिस्साच उरतो. म्हणून मोठ्या नळ्यांसाठी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे किरण निम्मे व्हायला सुमारे २१ मिलिमीटर पोलाद लागते.

फिल्म नळीपासून दूर असल्याने छाया मोठी पडते, हेही विसरून चालत नाही. गोळीपासून फिल्म ७०० मिलिमीटरवर आणि नळीचा मध्य ६०० मिलिमीटरवर असेल, तर ५ मिलिमीटरची भिंत ५.८ दिसेल. नळीशेजारी ज्ञात मापाची पोलादी गोळी ठेवून तिच्या छायेवरून खरे माप काढतात. अलीकडे फिल्मऐवजी संगणकाला जोडलेले फलक आले आहेत. भूमिती मात्र तीच आहे.

ही तपासणी चुकली तर काय होते, हे जपानमधील मिहामा अणुवीजकेंद्राने दाखवले. ९ ऑगस्ट २००४ रोजी तेथे टर्बाइनच्या बाजूची एक नळी फुटली. तिच्यातील पाणी किरणोत्सारी नव्हते, पण उकळत्या पाण्याने व वाफेने भाजून ५ कामगार दगावले आणि ६ जखमी झाले. मूळची १० मिलिमीटरची भिंत काही जागी दीड मिलिमीटरहूनही पातळ झाली होती. ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती आणि १९७६ पासून तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते.

दुसरा धोका खुद्द गोळीचा. पेरूमधील यानांगो जलविद्युत केंद्रात २० फेब्रुवारी १९९९ रोजी कॅमेऱ्यातून सुटलेली इरिडियमची गोळी एका वेल्डरने उचलून पँटच्या खिशात टाकली. दिसायला ती धातूचा क्षुल्लक तुकडाच. काही तासांच्या सहवासाची किंमत म्हणून त्याचा उजवा पाय कापावा लागला. उगमापासून १० मीटरवर असलेला माणूस १ सेंटिमीटरवर आला, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने किरणांची तीव्रता दहा लाख पट होते. वर्गात हा नियम दिव्याच्या उजेडावर शिकवला जातो. कारखान्यात तो कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. म्हणूनच हे काम प्रशिक्षित माणसांनीच, दोर बांधून परिसर मोकळा करून आणि मापक यंत्र हाती धरून करायचे असते. आपल्याकडे १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्यावर देखरेख ठेवते.

नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी मुले पुढे सुरत, हजिरा, अंकलेश्वरकडे कारखान्यांत फिटर, वेल्डर किंवा मजूर म्हणून जातील. त्यांना दोन गोष्टी शाळेतच कळायला हव्यात. चकचकीत पत्रा म्हणजे धडधाकट नळी नव्हे. आणि तीन पाकळ्यांच्या चिन्हाची पाटी लावून दोर बांधलेला असेल, तर त्यापलीकडे जायचे नाही, तसेच जमिनीवर पडलेला अनोळखी चकाकता तुकडा उचलायचा नाही. लांब उभे राहून जबाबदार माणसाला हाक मारायची.