वीतभर व्रण ते चार टाके

रोल्लाच्या चौकात संध्याकाळी जरा टेकले की आपल्याकडचे कोणी ना कोणी भेटतेच. ज्या जुन्या वडावरून या भागाला नाव पडले तो वड आता नाही, पण माणसांची बसण्याची सवय राहिली आहे. मध्यंतरी तिथेच रत्नागिरीकडचा एक तरुण भेटला. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, असे सांगत होता.

“मग डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारले.

“ऑपरेशन. पण दादा, सुट्टीत गावी गेलो की बघू. पोट फाडायचे म्हणजे दोन महिने गेले. तोवर माझी जागा कोण धरून ठेवणार?”

त्याचे बोलणे ऐकून मला माझे वडील आठवले. अण्णा मुंबईत गिरणीत बदली कामगार होते. १९७९ साली त्यांचे हेच ऑपरेशन झाले. बरगडीखाली वीतभर तिरका छेद, दहा दिवस खाट आणि पुढे दीड महिना वजन उचलायला मनाई. बदली कामगाराचा खाडा म्हणजे पगार नाही. त्या दोन महिन्यांत आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. खड्यांपेक्षा त्या छेदाने आमचे घर अधिक वाकवले. त्या तरुणाच्या मनात अजून तेच १९७९ साल होते. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. नुसते खडे काढले तर त्या पिशवीत ते पुन्हा तयार होतात, तेव्हा पिशवीच काढावी, हा त्यांचा विचार. पित्त यकृतात तयार होते. पिशवी फक्त साठवण करते. त्यामुळे ती गेली तरी माणसाचे चालते. हा विचार इतका पक्का ठरला की पुढची शंभर वर्षे शस्त्रक्रिया जवळजवळ तशीच राहिली. पिशवी लिंबाएवढी, पण तिच्यापर्यंत सर्जनचा हात आणि दिव्याचा उजेड पोचायचा म्हणून छेद मोठा.

पोटात दुर्बीण घालून पाहण्याची विद्या तोवर होती, पण ती मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हाती. आपल्या खेड्यापाड्यांतही कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द बायकांच्या तोंडी होता. जर्मनीतील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० च्या सुमारास दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा सर्जन मंडळी रागावली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगेन गावी एरिक म्यूह यांनी दुर्बिणीतून पहिले पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी त्यांनी ते जर्मन सर्जनांच्या परिषदेत मांडले, तर तिथे त्यांची उपेक्षा झाली. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहरात फिलिप मुरे यांनी आणि मग पॅरिसमध्ये फ्राँस्वा द्युब्वा यांनी हीच वाट धरली. एव्हाना दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडता येऊ लागला होता. एकट्या सर्जनच्या डोळ्याला दिसणारे आता टीव्हीच्या पडद्यावर साऱ्यांना दिसू लागले आणि मदतनीसाचे हातही कामी आले. विद्या झपाट्याने पसरली. म्यूह यांचा गौरव त्याच जर्मन संस्थेने १९९२ मध्ये केला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ही शस्त्रक्रिया एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात सुरू झाली असेल, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. ३१ मे १९९० रोजी डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ती प्रथम केली ती भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. म्हणजे ब्योब्लिंगेननंतर पाच वर्षांच्या आत. काही महिन्यांनी पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनीही ती केली.

उडवाडियांची तयारी जुनी होती. १९७२ पासून ते जे. जे. मध्ये दुर्बिणीने पोटाचे निदान करीत होते. पोटाचा क्षय आहे की यकृताचा विकार, हे पाहण्यासाठी गरिबाचे पोट उघडावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. यंत्र महाग, म्हणून हे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणणारे पुष्कळ होते. उडवाडियांचे म्हणणे उलट होते: ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच लवकर कामावर जाण्याची गरज जास्त. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

शस्त्रक्रिया होते ती अशी. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे निघून जातो. साधारण चार छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे आत जातात. पिशवीची नळी व रक्तवाहिनी क्लिपा लावून कापतात आणि पिशवी एका छिद्रातून बाहेर काढतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा वाढले होते. अमेरिकेतील सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नियम मांडला की पिशवीकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी स्वच्छ वेगळ्या दिसल्याशिवाय काहीही कापू नये. तो आज जगभर शिकवला जातो. तसे दिसलेच नाही, तर पोट उघडणे हा पराभव नव्हे, शहाणपण आहे. आणि ज्या खड्यांचा काही त्रासच नाही, त्यांना बहुधा हात लावत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी माझेही पित्ताशय असेच निघाले. दुसऱ्या दिवशी घरी आलो, दहाव्या दिवशी टेबलावर. मी त्या तरुणाला शर्ट वर करून खुणा दाखवल्या. त्या शोधाव्या लागल्या. सांगितले, “कळा येऊ लागल्यावर वर्षभर थांबू नकोस. खडा नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंड सुजते. ताप भरला, डोळे पिवळे झाले किंवा कळ थांबेनाशी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.”

चार दिवसांनी त्याचा फोन आला. विमा कार्ड घेऊन तो सर्जनला भेटून आला होता. “दादा, दोन आठवड्यांची रजा पुरेल म्हणाले.”

अण्णा असते तर त्यांनी आधी विचारले असते, “पगारी की बिनपगारी?” मीही तेच विचारले. पगारी होती.