पेवातली हळद आणि चित्राची सनद

औंधच्या यमाईच्या डोंगरावर, अर्ध्या वाटेत, एक वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी ते 1938 साली उभे केले. मागे शाळेची सहल घेऊन गेलो, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थीही हौसेने बरोबर आला होता. राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रापुढे तो बराच वेळ रेंगाळला आणि म्हणाला, "सर, रविवर्म्याची छापील चित्रे तर घरोघर होती. मग ह्या एकाचेच एवढे मोल का?"

"हे त्याच्या हातचे आहे म्हणून," मी म्हणालो.

"मग मी संगणकावर चित्र काढतो, त्यातले हातचे कोणते?"

प्रश्न पोरकट नव्हता. ह्या मुलाने 2022 साली आपल्या एका चित्राची 'एनएफटी' करवून घेतली होती. तिचे शुल्क त्याने सुट्टीतल्या मजुरीतून भरले. गिऱ्हाईक एकही आले नाही. त्याला उत्तर देणे मला भाग होते. हा लेख म्हणजे ते उत्तर.

रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापांमुळे लक्ष्मी-सरस्वती गरिबाच्याही भिंतीवर आल्या. पण मूळ चित्राची किंमत त्याने उतरली नाही. कारण मुळाला देह होता: कापड, रंग, कुंचल्याचा फटकारा. संगणकावरच्या चित्राला असा देह नाही. त्याची हजारावी प्रत पहिलीसारखीच असते. मग मालकी कशाची सांगायची? ह्यावर तोड म्हणून सनद निघाली. एका रुपयाऐवजी दुसरा रुपया चालतो, पण आजीच्या नथीऐवजी दुसरी नथ चालत नाही. एनएफटी ही अशी बदली न चालणारी नोंद. ती 'ब्लॉकचेन' नावाच्या खतावणीत होते, आणि त्या खतावणीच्या प्रती जगभरच्या संगणकांवर असल्यामुळे कुणालाही ती गुपचूप खोडता येत नाही.

केव्हिन मॅकॉय ह्या अमेरिकन कलावंताने मे 2014 मध्ये अशी पहिली नोंद केली असे मानतात. त्यानंतर सात वर्षांनी, 11 मार्च 2021 रोजी, ख्रिस्तीजच्या लिलावात 'बीपल' ह्या चित्रकाराची पाच हजार चित्रांची एक जुळणी 6 कोटी 93 लाख डॉलरांना गेली. घेणारे गृहस्थ मूळचे तमिळनाडूचे, विघ्नेश सुंदरेसन. त्याच महिन्यात ट्विटरवरच्या पहिल्या संदेशाची सनद 29 लाख डॉलरांना विकली गेली. वर्षभराने ती पुन्हा विकायला काढली, तेव्हा बोली तीनशे डॉलरांच्याही आत राहिली.

सनदेचे असे का व्हावे, हे साताऱ्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळाले, 1839 साली त्यांना पदच्युत केले, आणि 1848 साली राज्यच खालसा झाले. रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षे न्याय मागत राहिले. तहाचा कागद खोटा नव्हता. तो मानणारा कुणी उरला नव्हता. सनदेचे बळ सनदेत नसते, ते मानणाऱ्यात असते.

दुसरा धडा सांगलीचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत पेवे खणून हळद साठवीत. तोंड अरुंद, पोट मोठे. त्यात हळद वर्षानुवर्षे टिकायची. हळद अशी भुईत निजलेली असे आणि पेठेत तिचे वायदे चालत. पुढे 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि कितीतरी पेवे निकामी झाली. वहीतला आकडा भिजत नाही, हळद भिजते.

एनएफटीतही पुष्कळदा हेच होते. खतावणीत असते ती नोंद. चित्र बहुधा दुसऱ्याच कुणाच्या संगणकात, म्हणजे पेवात असते. एफटीएक्स ही पेढी नोव्हेंबर 2022 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे तिच्याकडे घडवलेल्या कित्येक सनदांवरचे चित्र नाहीसे झाले आणि त्या जागी दिवाळखोरीच्या कामकाजाचे पान दिसू लागले. नोंद शाबूत, पेव बुडालेले!

मग हे सारे खूळच होते का? मला तसे वाटत नाही. चित्र पुन्हा विकले गेले की चित्रकाराला वाटा मिळावा, ही मागणी जुनी आणि न्याय्य आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पुढे 53-अ हे कलम घातले गेले, ते ह्याचसाठी. एनएफटीने हा वाटा आपोआप मिळेल अशी आशा दाखवली. पण ओपनसी ह्या मोठ्या बाजाराने 2023 साली तो विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडला. विजेच्या उधळपट्टीचा आक्षेप मात्र पुष्कळसा मिटला आहे. इथेरियमने सप्टेंबर 2022 मध्ये आपली रीत बदलली आणि तिचा वीजखर्च नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला. आपल्या सरकारनेही 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला. सट्ट्याची धुंदी उतरली. उरेल ती सनद, हे चित्र कुणाचे आणि कुणाकुणाकडून आले, हे सांगणारी. तेवढे काम तिने नीट केले तरी पुष्कळ झाले.

पण सनद चित्राला गिऱ्हाईक आणून देत नाही. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्रे नुसती घेतली नाहीत; डोंगरावर त्यांना घर बांधून दिले, आणि खटाव-माणच्या शेतकऱ्यालाही ती पाहता येतील असे केले. पाहणारा आधी घडतो, घेणारा मागाहून येतो.

उतरताना मी त्या मुलाला म्हणालो, "बाबा रे, सनद राहू दे तुझ्याजवळ, पण चित्र आधी चार माणसांना दाखव." पुढच्या आठवड्यात त्याने ते कागदावर छापून आणले. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ते आता लागले आहे. मधल्या सुट्टीत पोरे त्याच्यापुढे उभी राहतात.