यिन्हुआ : सोलापूरच्या एका नातवाचे नाव

आपल्या सोलापुरात नावांना तोटा नाही. गड्ड्याच्या यात्रेत कोणी ‘सिद्धाराम’ अशी हाक मारली तर दहा माना वळतील. ग्रामदैवतावरून सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धव्वा ही नावे घरोघर चालत आली आहेत. परंतु याच गावच्या एका नातवाचे नाव असे आहे की, ते आपल्याकडच्या पाळण्यात सहसा ऐकू यायचे नाही. ते नाव यिन्हुआ.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणां सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910 चा. चीनवर जपानचे आक्रमण चालू असता 1938 साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे धाडले, त्यात ते होते. पुढे 1946 साली शांतारामबापूंच्या चित्रपटाने त्यांना घराघरांत पोचविले. मुलाच्या नावाची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती सुरू होते बापाच्या नावापासून. चिनी लिपीत प्रत्येक अक्षराला अर्थ असतो, त्यामुळे परके नाव तीत जसेच्या तसे बसत नाही. पाचही डॉक्टरांना तिकडे चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी आले ‘हुआ’. हुआ म्हणजे चीन. वैभव, तेज असाही त्याचा अर्थ आहे. कोटणीसांचे झाले ‘के दीहुआ’. चिनी जिभेवर आपला ‘टणीस’ कोठून बसणार!

1941 साली डॉक्टरांनी परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला, आणि 23 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना मुलगा झाला. बारशाला आत्याचा मान, हे आपणांस सांगायला नकोच. डॉक्टरांना पाच बहिणी, म्हणजे बाळाला पाच आत्या! पण एकीलाही कानात ‘कुर्र’ करायला जाता आले नाही. चहूकडे युद्ध पेटलेले. नाव सुचविले ते सेनापती न्ये रोंगझेन यांनी. भारताला चिनी भाषेत ‘यिन्दू’ म्हणतात, त्यातले पहिले अक्षर ‘यिन’, आणि पुढे ‘हुआ’. भारत आणि चीन, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मला त्यात आणखी काही दिसते. आपण मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावतो. तिकडे ती रीत नाही. आडनाव आधी, मग नाव. तरीही बापाच्या नावाचे शेवटचे अक्षर मुलाकडे आलेच.

देशावरून नाव ठेवणे आपल्याला नवे नाही. भारत, भारती ही नावे आपल्या ओळखीचीच. चीनमध्येही ‘हुआ’ असलेली नावे पुष्कळ. ‘यिन्हुआ’सारखाच ऐकू येणारा एक शब्द तर तिकडे मुलींचे नाव आहे, पण त्याची अक्षरे निराळी आणि अर्थ ‘चांदीचे फूल’. आपल्या बाळाच्या ‘यिन’चा मूळ अर्थ शिक्का, मुद्रा. दोन देश एका मुलाच्या नावात गोवले गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या विकाराने डॉक्टर गेले. वय अवघे 32, आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. मला पुष्कळदा विचार येतो तो 1962 सालाचा. सीमेवर दोन्ही देशांच्या तोफा एकमेकींवर रोखलेल्या आणि यिन्हुआ 20 वर्षांचा. त्याच्या नावात मात्र दोन्ही देश शेजारी शेजारीच. तोही बापाप्रमाणे डॉक्टर व्हायला निघाला होता. ते शिक्षण पुरे होण्याआधीच 1967 साली त्याचे निधन झाले.

भैय्या चौकातील कोटणीसांच्या घरी आता स्मारक आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना हेही नाव सांगा. उच्चार अवघड नाही : ‘यिन’ आखूड म्हणायचे आणि ‘हुआ’ एका दमात.