पीएनआरचा पहिला आकडा काय सांगतो? रेल्वेचे कॉम्प्युटर एकमेकांशी 'बोलायला' लागले त्याची गोष्ट

मोबाईलमधलं एखादं जुनं रेल्वे तिकीट उघडा आणि त्यावरचा दहा आकडी पीएनआर बघा. गाडी मुंबई किंवा पुण्याहून सुटणारी असेल, तर तो बहुधा ८ किंवा ९ ने सुरू होत असेल. दिल्लीकडच्या गाडीचा २ किंवा ३ ने, चेन्नईकडच्या गाडीचा ४ किंवा ५ ने.

हा आकडा सांगतो, की तुमच्या गाडीचं आरक्षण कोणत्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर आहे. एकेकाळी ही केंद्रं एकमेकांपासून पूर्ण तुटलेली होती. ती जोडली गेली आणि रेल्वेचं तिकीट काढणं कायमचं बदललं.

कॉम्प्युटर येण्याआधी काय व्हायचं?

प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं आरक्षण रजिस्टरमध्ये हाताने लिहिलं जायचं. ठरावीक गाडीसाठी ठरावीक खिडकी. चुकीच्या रांगेत उभे राहिलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परतीचं तिकीट हवं असेल, तर दुसऱ्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट बघावी लागायची. कुणी तिकीट रद्द केलं, तरी ती जागा गरजू प्रवाशापर्यंत वेळेत पोहोचेलच याची खात्री नव्हती.

मग कॉम्प्युटर आल्यावर प्रश्न सुटला का?

अर्धाच. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं. १९८६ मध्येच रेल्वेच्या माहिती यंत्रणेसाठी 'क्रिस' ही संस्था उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही यंत्रणा आली. आता एकाच खिडकीवर त्या केंद्राच्या कोणत्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं.

पण ही पाच केंद्रं म्हणजे पाच बेटं होती. मुंबईच्या कॉम्प्युटरला मुंबईच्या गाड्या माहीत, चेन्नईच्या गाड्यांचा त्याला पत्ताच नाही. हिशोब वेगवान झाला, निरोप मात्र जुन्याच वेगाने जात होता.

जोडणी कधी झाली?

क्रिसने 'कॉन्सर्ट' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रं नेटवर्कने जोडली गेली. त्यानंतर मुंबईच्या खिडकीवरून हावडा-चेन्नई तिकीटही काढता येऊ लागलं.

हे कसं चालतं? खिडकीवरून मागणी त्या गाडीची नोंद असलेल्या कॉम्प्युटरकडे जाते. तो एक बर्थ त्या मागणीपुरता 'लॉक' करतो, म्हणजे त्याच क्षणी दुसऱ्या शहरातल्या कुणाला तोच बर्थ मिळू नये. मग नोंद होते आणि उत्तर परत येतं. हे सगळं काही सेकंदांत.

ही कल्पना रेल्वेची होती का?

नाही. विमान कंपन्या यात पुढे होत्या. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून 'सेबर' ही आरक्षण यंत्रणा बांधली. १९५३ मध्ये एका विमानप्रवासात आयबीएमचे ब्लेअर स्मिथ आणि एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ योगायोगाने शेजारी बसले आणि तिथून बोलणी सुरू झाली. १९६०च्या दशकात टेलिफोन लाइनवरून शहराशहरांतली टर्मिनल्स एका मध्यवर्ती कॉम्प्युटरला जोडली गेली.

मोठ्या उद्योगाला यातून काय मिळतं?

रिकामा बर्थ घेऊन गाडी सुटली, की तो माल वाया गेला. तो उद्या विकता येत नाही. त्यामुळे 'कुठे किती जागा शिल्लक' ही माहिती सगळीकडे एकाच वेळी असणं हाच खरा फायदा. तिकीट रद्द झालं, की आरएसी आणि वेटिंग लिस्ट आपोआप पुढे सरकते. कोणत्या गाडीला जादा डबा लावायला हवा, हेही आकड्यांतून दिसतं.

याच जाळ्यावर २००२ मध्ये आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री उभी राहिली. सुरुवातीला तिकीट इंटरनेटवर काढलं, तरी कागद कुरिअरने घरी यायचा! आता अनेक गाड्यांत टीटीईच्या हातात कागदी चार्टऐवजी टॅब्लेटसारखं यंत्र असतं. प्रवासी आला नाही, तर तो बर्थ धावत्या गाडीतच पुढच्या प्रवाशाला देता येतो.

मग तरीही तिकीट का मिळत नाही?

कारण नेटवर्क जागा वाटतं, वाढवत नाही. २०१४ मध्ये आयआरसीटीसीची क्षमता मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांवरून ७,२०० वर नेली गेली. पण गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचे बर्थ तेवढेच राहतात. म्हणून बुकिंग उघडताच काही मिनिटांत वेटिंग लागतं. रांग संपली नाही, ती खिडकीवरून मोबाईलच्या स्क्रीनवर आली. आणि ज्याच्याकडे चांगलं नेटवर्क किंवा स्मार्टफोन नाही, तो या नव्या रांगेत आपोआप मागे राहतो. त्याच्यासाठी स्टेशनवरची खिडकी आजही तितकीच गरजेची आहे.

कॉम्प्युटर आणि नेटवर्क एकत्र आले की काम वेगाने होतं, हे रेल्वेने दाखवून दिलं. पण डबे, गाड्या आणि रूळ वाढवण्याचं काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही.